घरच्या सीडीला कव्हर, का नुसता स्टिकर?

गोदाकाठ: ‘आपल्या गाण्यांच्या सीडीला कव्हर म्हणजे रिकामा उद्योग, चकतीवर गोल स्टिकर डकवा,’ असं इथं कुणीतरी ठोकून दिलंय. स्टिकर कामून नको, ऐका. जरा तिरका बसला की तोल जातो, फिरताना थरथर होते. गाडीतल्या स्लॉटवाल्या प्लेअरमध्ये उष्णतेनं कड सुटली की सीडी आतच अडकली. परभणीच्या मे महिन्यात गाडी किती तापते, सांगायला पाहिजे का? कव्हरच करा. नेहमीच्या जाड प्लास्टिक केसला पुढचं १२० × १२० मिमी. मागचं १५१ × ११८, त्यातच दोन्ही कडांना दुमडायच्या, नावाच्या साडेसहा मिमीच्या पट्ट्या. कापायला चहूकडून ३ मिमी रंग जादा. चित्र ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके), कागद १३० ते १७० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आर्ट पेपर.

मांजराकाठचा: मापं पाठ आहेत, वा! पण प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ तसंच राहिलं की सगळं आक्रसतं. ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ कोण सांगणार? आणि स्लिम केसला मागचं कार्ड बसतच नाही, साहेब.

हलगीवाला: माझं दुखणं वेगळंच. युनिकोडातली, म्हणजे मोबाइलवर टाइप होते तसली गाण्यांची यादी डीटीपीवाल्याकडं नेली की जुन्या कोरलमध्ये, त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरात, जोडाक्षरं फुटतात. ‘भारूड’ नीट, ‘कृष्ण’चे तुकडे. वर म्हणणार, श्रीलिपीत (डीटीपीवाल्यांचं जुनं फॉन्ट-सॉफ्टवेअर) आणा!

मांजराकाठचा: त्याला कशाला बोलायलात? कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून न्यायचं.

हलगीवाला: आणि वेलांटी चुकलेली दिसली तर? कर्व्हमध्ये टाइप करून दुरुस्त होतं का?

मांजराकाठचा: मूळ फाइल वेगळी ठेवायची असते. एवढंही शिकवायचं?

हलगीवाला: शिकवा की! जुन्या फोटोशॉपात वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग लावल्याबिगर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाते, हे कामून नाही सांगितलं?

गोदाकाठ: धागा कव्हरचा आहे, फॉन्टचा नाही. कामाचं बोला: पट्ट्यांवर शिरोरेघ बाहेरच्या कडेकडं ठेवा, म्हणजे केस पुढची बाजू वर करून आडवी ठेवली की नाव सरळ वाचता येतं. मात्रा-उकार धरून उंची ४ मिमीच्या आत, नाहीतर रफार कापला जातो नाहीतर उकार घडीत जातो. घडीआधी संपलेल्या बॉलपेननं मोजपट्टी धरून कागदावर रेघ दाबा.

स्टिकरवाला: तो ‘कुणीतरी’ मीच. गाडीपुरतं मान्य, खूष? घरच्या ट्रेवाल्या प्लेअरला काय होतंय?

गोदाकाठ: मधोमध बसला तर चालतो, जा. पण तिरका बसला म्हणून सोलू नका. चंदेरी थर लेबलच्या बाजूलाच, पातळ लाखेखाली असतो. तो कागदासोबत निघतो, गाणी गेली.

स्टिकरवाला: मग मार्करनं लिहितो.

मांजराकाठचा: पाण्याच्या शाईचा घ्या. चकतीवर बॉलपेन टेकवू नका!