गोठ्यावर कललेलं जांभळाचं झाड घरच्या घरी पाडावं का?

बांधावरचा_खानापूर
नमस्कार मंडळी, एक सल्ला पाहिजे होता. आमचं शेत बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला. बांधावर आजोबांच्या वेळचं जांभळाचं झाड आहे, बुंधा दोन फूट तरी जाड, एका अंगाला ढोली पडलीय आणि सगळं झाड गोठ्याकडं कललंय. गेल्या पावसात एक फांदी मोडून कौलांवर आली तेव्हापासून आईचं एकच, ते काढून टाका. चुलतभावानं ऑनलाईन पेट्रोलवरचं कटर मागवलंय आणि काका म्हणतात दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढू, तासाभराचं तर काम. मला भीती वाटालीय. पंपाची लाईन पण जवळूनच जाते. काय करू?

आप्पा_नंदगड
भीती वाटालीय ते बरोबर आहे, धरून राहा. सरळ, निरोगी झाड वेगळं आणि हे वेगळं. कललेल्या झाडाच्या एका बाजूला लाकूड ताणलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला दाबलेलं, त्यामुळं मागून कापत आला की कधीकधी कापून पूर्ण व्हायच्या आत खोड उभं चिरतं आणि मागचा भाग उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येतो, पळायला वेळच मिळत नाही. त्यात तुमच्या झाडाला ढोली. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर सगळीकडं ठोकून बघा, पोकळ आवाज कुठवर येतो ते कळेल.

झाड पाडताना पडायच्या बाजूला आधी खाच घेतात, साधारण बुंध्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी, मग मागून, खाचेपेक्षा थोडं वरच्या पातळीला, कापत यायचं आणि मधे लाकूड सोडायचं, दोन फुटी बुंध्याला दोन-अडीच इंच. ते लाकूड दाराच्या बिजागरीसारखं झाडाला धरून वळवतं. बिजागरीच्या जागीच ढोली असली तर धरणार काय? मग झाड पाहिजे तिकडं जाईल त्याची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. म्हणून गोठ्यावर कललेलं ढोलीचं झाड बुडातून एकदम पाडायचंच नसतं. वर चढणारा जाणकार माणूस शेंड्याकडून एकेक फांदी दोर लावून खाली सोडत येतो. पैसे जातील, जाऊ देत.

कणकुंबी_वारा
काकांना ट्रॅक्टरचं तेवढं सांगा की. झाडाच्या उंचीपेक्षा दोर आखूड असला तर झाड ट्रॅक्टरवरच येतंय, आणि दोर ट्रॅक्टरला उंचावर बांधला की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागं उलटतो, बांधायचा असला तर खाली हुकालाच. आमच्या शेजारच्या वाडीत ताणलेला नायलॉनचा दोर तुटला तो सुटून आला आणि बाजूला नुसतं बघत उभ्या असलेल्या पोराच्या गालावर बसला, पोरगं वाचलं पण तोंडावर अजून वळ आहे. बघायला गर्दी करू देऊ नका, झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब तरी सगळ्यांना ठेवा, जनावरं पण सोडून न्या.

लाईन_आणि_उतारा
दोन गोष्टी. तार जवळ असली तर हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, लाईनमनला बोलवून लाईन बंद करून घ्या, फ्यूज काढला म्हणून भागत नाही. ओला दोर पण करंट आणतो. आणि कर्नाटकात 1976 चा झाडं जपायचा कायदा आहे, स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी परवानगी लागते, काही जातींना सूट आहे. उतारा घेऊन वनखात्याच्या ऑफिसात एकदा जाऊन या, जांभळाचं काय ते तिथंच कळेल. नाहीतर लाकूड रस्त्यावर गाडीत घातलं की अडवतात.

बांधावरचा_खानापूर
आप्पा, खूप आभार. वाचून काका जरा गप्प झाले. पण भाऊ म्हणतोय झाड नको तर निदान खाली पडलेल्या फांद्या तरी मी कापतो, मशीन आणलीय ना. ते चालेल का?

आप्पा_नंदगड
चालेल, पण तेही सोपं समजू नका. फांदी जमिनीवर दाबून वाकलेली असली तर कापताक्षणी चाबकासारखी सुटते, आधी कुठून ताण आहे ते बघायचं आणि ताणाच्या बाजूला उभं राहायचं नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडं येतं, म्हणून टोकानं कापू नको म्हणावं, दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, खांद्याच्या वर नेऊन चालवायचं नाही. चप्पल, लुंगी नको. बूट, जाड पँट, चष्मा, हेल्मेट. एकट्यानं कापायला जायचं नाही, जांबोटीकडं रेंज कुठं मिळते ते आधी बघून ठेवा, रक्त आलं तर जाड कापड दाबून धरायचं, सोडायचं नाही, आणि 108 ला फोन.

आणि पावसाआधी करा. आपल्याकडं भाताची लावणी सुरू झाली की माती मऊ होते, ढोलीचं झाड मुळासकट कधी येईल सांगता येत नाही. तोपर्यंत गुरं दुसरीकडं बांधा.