मदत हवी आहे: हिंडलगा कारागृहातून सुटणाऱ्यांची व्यसनमुक्तीची गोळी मध्येच बंद पडू नये म्हणून

नमस्कार मंडळी. बेळगावच्या हिंडलगा कारागृहातून सुटून खानापूर, निपाणी, चिकोडीकडे परतणाऱ्या, ब्राउन शुगरचं (भेसळीच्या हेरॉइनचं) व्यसन असलेल्या रुग्णांसाठी विचारतोय. या व्यसनावरच्या उपचाराची ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची गोळी कुठल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, कोणत्या वारी मिळते? धारवाडच्या डिमहान्सला (सरकारी मनोरुग्णालयाला) दर खेपेला जाणं रोजंदारीवाल्याला झेपत नाही.

घाई अशासाठी की आत नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन ब्राउन शुगर जुन्याच मापाने घेतली तर श्वास थांबू शकतो. पहिले दोन आठवडे फार धोक्याचे. सुटतानाच हातात चिठ्ठी हवी: गोळीचा शेवटचा डोस किती मिलिग्रॅम, कधी दिला. ती कन्नडमध्ये असली तर घरच्यांसाठी मराठी प्रत कोण करून देईल?

गोळी गिळायची नाही, जिभेखाली पाच-दहा मिनिटं विरघळू द्यायची. अंगात ब्राउन शुगर असतानाच पहिली गोळी दिली तर उलट्या, जुलाब, अंगदुखी एकदम उसळते. जांभया, नाकाला पाणी, अंगावर काटा अशी नशा उतरल्याची लक्षणं दिसल्यावरच डॉक्टरांनी सुरू करायची. ‘गोळी मानवत नाही’ म्हणून लोक सोडतात ते बहुधा इथेच.

एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 39 खाली, म्हणजे दोषी व्यसनीला तुरुंगाऐवजी बंधपत्रावर उपचारासाठी सोडावं म्हणून, अर्ज केलेले कुणी वकील असतील तर बंधपत्राचा नमुना द्या.