विपणनावर दोघांनी मिळून मराठी पुस्तक लिहायचे आहे : सहलेखन, करार आणि प्रसार याबद्दल मार्गदर्शन हवे

रामदासपेठ_सल्लागार (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात लहान उद्योगांना विपणनाचा सल्ला देण्याचे काम करतो. माझे एक स्नेही इतवारीत किराणा मालाचे ठोक व्यापारी असून त्यांचा माल विदर्भातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत जातो. विदर्भातील दुकानदार आणि बुटीबोरी-हिंगण्यातील लहान कारखानदार यांच्यासाठी विपणनाचे एक मराठी पुस्तक दोघांनी मिळून लिहावे, असे आम्ही ठरवले आहे. या विषयावर मराठीत जे हाती लागते त्यातले बरेचसे परीक्षार्थींसाठी लिहिलेले असते. त्यात जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेले चार ‘पी’ (उत्पादन, किंमत, वितरण आणि प्रसार) असतात आणि उदाहरणे शीतपेयांची व मोटारींची असतात. मात्र ज्या बाजारात निम्मा व्यवहार उधारीवर चालतो तिथे ‘किंमत’ म्हणजे नेमके काय, याचा विचार त्यात आढळत नाही.

अडचण अशी आहे की, माझ्या स्नेह्यांना लिहिण्याची सवय नाही. ते बोलतात आणि मी टिपून घेतो. अनुभव त्यांचा आणि मांडणी माझी. अशा वेळी मुखपृष्ठावर नावे कोणत्या क्रमाने असावीत, रॉयल्टीची वाटणी कशी करावी, प्रकाशकाकडे जावे की पुस्तक स्वतः काढावे, आणि प्रसार कसा करावा? शेवटचा प्रश्न आमच्यासाठी जरा नाजूक आहे, कारण विपणनावरच्याच पुस्तकाचे गठ्ठे लेखकाच्या माळ्यावर पडून राहिले तर आमच्या सल्ल्याला कोण विचारणार?

खिळे_जुळारी

मी नागपुरातच संपादन आणि पुस्तकनिर्मितीचे काम करतो. आपण चार प्रश्न विचारले आहेत, पण माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो म्हणजे पुस्तकात बोलणार कोण. आपले स्नेही ‘मी’ म्हणून बोलणार आणि आपण पडद्यामागे राहणार, की दोघे ‘आम्ही’ म्हणून बोलणार, की प्रत्येक प्रकरणाखाली वेगळे नाव असणार, हे पहिल्या पानाआधी ठरले पाहिजे. नावांचा क्रम, पैशांची वाटणी आणि पुस्तक कोणाच्या तोंडून लोकांपर्यंत पोहोचेल हे सारे त्यावरूनच ठरते.

सहलेखनाच्या ज्या संहिता माझ्याकडे येतात, त्यांतल्या अनेकांत शिवण उघडी दिसते. एक परिच्छेद बाजारातल्या माणसाचा असतो आणि लगेच पुढचा व्याख्यानातला. वाचकाला वाटते की दोन माणसे आलटून पालटून त्याच्याशी बोलत आहेत आणि एकमेकांचे ऐकत नाहीत. म्हणून माझी सूचना अशी की, स्नेह्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, त्यातून आपण एकच प्रकरण पूर्ण लिहावे आणि ते त्यांना स्वतःला मोठ्याने वाचायला सांगावे. वाचताना जिथे ते अडखळतील, ते वाक्य त्यांचे नाही. हे प्रकरण उधारीवरचेच असू द्यावे, कारण तिथे त्यांचा हात कोणी धरणार नाही. कोणाला किती दिवसांची मुदत द्यायची, वसुलीला कोण जातो आणि सणाच्या तोंडावर माल अडवला तर गिऱ्हाईक तुटते की टिकते, हे सगळे विपणनच आहे. महाविद्यालयात मात्र ते हिशेबाच्या खात्यात टाकले जाते.

उदाहरणांसाठी फार लांब जाण्याची गरज नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव तर देशभर माहीत आहे. असे असूनही आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांची बरीचशी फळे प्रतवारीविना, सुटीच विकली जातात आणि बागायतदाराचे नाव गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही. नाव प्रसिद्ध असणे आणि त्या नावाचा दाम मिळणे यांत अंतर का पडते, यावर एक अख्खे प्रकरण उभे राहते, आणि त्यासाठी कोणाच्या धंद्याचे गुपितही उघडे करावे लागत नाही.

आता निर्मितीबद्दल. असे पुस्तक बहुधा डेमी या प्रचलित आकारात निघते आणि त्याचा हिशेब सोळा पानांच्या फॉर्म्यावर, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचावर होतो. त्यामुळे संहिता फॉर्म्याच्या पटीत बसेल अशी बेतावी, नाहीतर शेवटी कोऱ्या पानांचे पैसे मोजावे लागतात. स्वतः प्रकाशित केल्यास विक्रेत्याला छापील किमतीवर मोठी सूट द्यावी लागते. चाळीस टक्के ऐकून दचकू नये. शिवाय छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर शून्य असल्यामुळे छपाईच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो खर्च किमतीतच धरावा लागतो. प्रकाशकाकडे गेल्यास ही डोकेदुखी त्याची, मात्र मग किती प्रती काढायच्या आणि किंमत काय ठेवायची यावर आपला शब्द चालेलच असे नाही.

प्रसाराबाबत माझे मत थोडे कडवट आहे. प्रकाशन समारंभाला जे येतात त्यांतले बहुतेक आपल्याला आधीपासून ओळखत असतात, आणि त्यांना प्रत भेट मिळण्याची अपेक्षा असते. सभागृह, हारतुरे आणि अल्पोपाहार यांवरचा खर्च वाचवून तो प्रकाशनपूर्व सवलत योजनेवर करावा. योजना जाहीर करताना उधारीचे ते प्रकरण स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने आधी लोकांच्या हातात द्यावे. ज्यांना ते उपयोगी वाटेल ते उरलेले पुस्तक विकत घेतील. ज्यांना वाटणार नाही, त्यांची कारणे छपाईच्या आधीच कळतील. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन किंवा नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स यांसारख्या संघटनांकडे पुस्तक घेऊन जाण्यापेक्षा विषय घेऊन जावे. विषयावर तासभर चर्चा झाली की पुस्तकाची चौकशी आपसूक होते. पुस्तके खपत नाहीत ही तक्रार ज्यांना करायची असेल त्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरातील ग्रंथविक्री पाहून यावी. तिथे वाचक येतो तो पुस्तक त्याच्या जगण्याशी जोडलेले असते म्हणून.

सिव्हिल_लाइन्स_वकील

वरील प्रतिसादातील ‘बोलणार कोण’ या प्रश्नाला कायद्याची बाजूही आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ‘संयुक्त कर्तृत्वाची कृती’ म्हणजे जीत एकाचे योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळे काढता येत नाही अशी कृती. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे एकेकाने लिहिले, तर प्रत्येकजण आपापल्या प्रकरणाचा कर्ता राहतो आणि पुस्तक या अर्थाने संयुक्त ठरत नाही. शिवाय कायदा कल्पनेला किंवा अनुभवाला संरक्षण देत नाही. तो शब्दरूपाला देतो. आपल्या स्नेह्यांनी केवळ माहिती सांगितली आणि प्रत्येक वाक्य आपण लिहिले, तर उद्या वाद झाल्यास ते ‘कर्ते’ आहेत की नाहीत, असा प्रश्न उभा राहू शकतो. दोघांची भागीदारी मनापासून असेल तर ती कागदावर यावी, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

करारात हक्कांतील हिस्सा, नावांचा क्रम, पुढील आवृत्तीत बदल करण्याचा अधिकार, अनुवाद आणि ध्वनिपुस्तक यांचा उल्लेख असावा. एकाचे निधन झाल्यास त्याचा हिस्सा कोणाकडे जाईल, हेही संकोच न करता लिहावे, कारण संयुक्त कृतीचे संरक्षण शेवटच्या हयात लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकते. म्हणजे हा करार दोन्ही घरांतील पुढच्या पिढ्या वाचणार आहेत. प्रकाशकाला हक्क द्यायचे झाल्यास ते लेखी आणि स्वाक्षरीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, परंतु साहित्यकृतीसाठी तिचे शुल्क ५०० रुपये आहे आणि वादाच्या वेळी ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

गांधीबाग_कापडवाला

ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले जाणार आहे त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून दोन शब्द. खिळे_जुळारी साहेबांचे समारंभाबद्दलचे मत मला मान्य नाही. आमच्या बाजारात एखाद्या जुन्या पेढीच्या मालकाने चारचौघांसमोर पुस्तक हातात घेतले, याला किंमत असते. फक्त तो समारंभ सभागृहात न करता बाजार बंद असण्याच्या दिवशी बाजारातच करावा आणि भाषणे आवरती घ्यावीत. दिवाळीपूर्वीचे महिने आणि लग्नसराई टाळावी, त्या काळात आम्हाला खतावणी उघडण्यालाही वेळ नसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्या स्नेह्यांचा माल तालुक्यांपर्यंत जातो, तेव्हा त्याच गाडीतून पुस्तकेही पाठवावीत, ही कल्पना आपल्याला सुचली असेलच. ती टाळावी, अशी माझी विनंती आहे. ज्या दुकानदाराची उधारी बाकी आहे तो ठोक व्यापाऱ्याच्या माणसाने पुढे केलेल्या पुस्तकाला नाही म्हणू शकत नाही. तो पैसे देईल किंवा खात्यावर लिहायला सांगेल, आणि पुस्तक गल्ल्यामागे धूळ खात पडेल. त्यात वसुलीबद्दलचे प्रकरण असेल तर तो ते आपल्यालाच उद्देशून लिहिले आहे असे समजेल, हे वेगळेच. खऱ्या व्यापाऱ्यांची उदाहरणे देताना नाव आणि गाव बदलले तरी बाजारात माणूस ओळखू येतोच, तेव्हा मजकूर आधी त्याला दाखवावा.

रामदासपेठ_सल्लागार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडीतून पुस्तके पाठवण्याची कल्पना खरोखर आमच्या यादीत पहिली होती. आज स्नेह्यांशी बोलून ती काढून टाकली. पुस्तक ‘आम्ही’ म्हणून लिहायचे आणि हक्क निम्मे-निम्मे ठेवायचे, यावर आमचे एकमत झाले आहे. नावांच्या क्रमात त्यांचे नाव आधी येईल, कारण इतवारीत माझ्या नावाने कोणी पुस्तक उघडणार नाही. दोन शंका उरल्या आहेत. ई-पुस्तक एकाच वेळी काढावे का? आणि ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी सुरुवातीला आमच्या ग्राहकांकडून आणि नातेवाइकांकडून चांगले अभिप्राय लिहून घ्यावेत, असे काहीजण सुचवतात. त्याबद्दल काय वाटते?

खिळे_जुळारी

अभिप्रायांबद्दल आधी सांगतो. नातेवाइकांचे आणि मोबदला देऊन मिळवलेले अभिप्राय ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत आणि ते काढून टाकले जातात. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे. नियम बाजूला ठेवले तरी, गिऱ्हाइकाचा विश्वास कसा मिळवावा हे शिकवणाऱ्या पुस्तकाखाली भाच्यांनी आणि जावयांनी दिलेले पाच तारे शोभत नाहीत. ज्यांनी पुस्तिका वाचून वाद घातला असेल त्यांना पूर्ण पुस्तक वाचून प्रामाणिक मत लिहिण्याची विनंती करावी. एखादे तीन ताऱ्यांचे मतही लोक लक्षपूर्वक वाचतात.

ई-पुस्तक छापील प्रतीनंतर काही महिन्यांनी काढावे, असे मी सुचवेन. किंडलवर मराठी पुस्तक प्रकाशित करता येते, परंतु तिथल्या ‘सिलेक्ट’ योजनेत नाव घातल्यास त्या मुदतीत, म्हणजे एका वेळी नव्वद दिवस, तेच ई-पुस्तक इतरत्र कुठेही देता येत नाही. अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. छापील आणि ई-आवृत्ती यांना वेगवेगळे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतात. भारतात हे क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतात, त्यामुळे त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास ते सेवेचे आहेत हे ध्यानात असू द्यावे. अर्ज छपाईच्या बऱ्याच आधी करावा, नाहीतर क्रमांकावाचून मलपृष्ठ अडून बसते. आपण स्वतःच प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील निर्धारित ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागेल. त्या चार प्रती छपाईच्या हिशेबात आधीच धराव्यात. उधारीचे प्रकरण तयार झाले की इथे कळवावे, वाचून दुरुस्त्या सुचवायला मला आनंद होईल, आणि गांधीबागकरांनीही ते वाचावे, अशी त्यांना विनंती आहे.