मदत हवी आहे : ट्रॅव्हलरमधून ईकोमध्ये संसार कसा बसवावा?

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं नागपूरचे, दोघंही निवृत्त. फोर्स ट्रॅव्हलरची कॅम्पर (आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) करून खूप फिरलो, पण आता एवढं मोठं धूड ह्यांना चालवायला जड जातं आणि आमच्या गल्लीत उभं करायलाही जागा नाही. म्हणून ती विकून मारुती ईको घेतलीय. पेंच, ताडोबाकडच्या अरुंद रस्त्यांना हीच बरी.

अडचण सामानाची आहे. ट्रॅव्हलरमध्ये उभं राहून स्वयंपाक व्हायचा, वर कपाटं होती. इथे सगळं पलंगाखालीच. पाच किलोचं सिलिंडर, वीस लिटरची पाण्याची कॅन आणि गाद्या ठेवल्या की संपली जागा. भांड्यांत एक कुकर, एक कढई आणि एकात एक बसणारे दोन गंज एवढंच ठेवलंय. पोळपाट काही माझ्याच्यानं सोडवत नाही.

टपावर कॅरिअर लावावं का? मला भीती वाटते, कारण वजन वर गेलं की वळणावर गाडी झुकते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. टपावर तेल-तूप, औषधं टिकायची नाहीत.

पलंगाखाली मागून ओढता येणारे खण कोणी करून घेतलेत का? प्लायचे हलके पडतात की ॲल्युमिनिअमचे? खडखडाट होतो का? आणि नागपुरात असं काम नीट करणारा कारागीर माहीत असेल तर जरूर कळवा. दिवाळीनंतर निघायचंय.