'डार्क पॅटर्न'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (रावपुरा, बडोदा)
परवा आईने फोनवरच्या ॲपवरून औषधं मागवली. बिलात औषधांखाली दहा रुपयांची देणगी. त्या चौकटीत खूण आधीच केलेली होती आणि आईने ती काढली नव्हती, एवढंच. हे काय असतं ते तिला सांगताना मी अडलो. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये ॲप-वेबसाइटवरच्या अशा फसव्या मांडणीला 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. 'काळा नमुना' म्हटलं तर आईला कापडाचं दुकान आठवेल.

मला 'चकवा' सुचतो. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडाखाली येतो. एखादं सदस्यत्व बंद करायला जा, पाच पडदे ओलांडून पुन्हा पहिल्याच पानावर. चालेल का?

उत्तर (दांडिया बाजार)
शब्द देखणा आहे, पण भूक लागते, ठेच लागते, तसा चकवा लागतो. त्यात करणारा कोणी नाही. तुमच्या आईच्या बिलातली खूण मात्र कोणीतरी विचार करून केलेली आहे, आणि तो माणूस शब्दात दिसायला हवा.

आमची आजी खंडेराव मार्केटातून आणलेली भाजी घरी पुन्हा तोलायची. कमी भरली की म्हणायची, "काटा मारला." ऊसवाले शेतकरी कारखान्याच्या वजनाबद्दल 'काटामारी' म्हणतात, तोच हा शब्द. तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतो, तरी त्याला कळत नाही. पडद्यावरही सगळं समोरच असतं.

उत्तर (मांडवी)
इथे आपण सगळेच गुजरातीतला 'छेतरपिंडी' (फसवणूक) हा शब्द सहज बोलतो. तो का नको?

उत्तर (दांडिया बाजार)
फार मोठा होतो. खोट्या चेकपासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत सगळं त्यात येतं.

उत्तर (अलकापुरी)
मी डिझायनर आहे, हेच काम करते. 'काटामारी' वाचून झोंबलं, म्हणून लिहिते.

आमच्याकडे 'लोकांना फसवा' असं कोणी म्हणत नाही. म्हणतात, "ड्रॉप-ऑफ जास्त आहे, 'नको'चं बटण जरा शांत करा." ड्रॉप-ऑफ म्हणजे मध्येच सोडून जाणारे लोक. शांत म्हणजे फिकट, बारीक, जवळजवळ न दिसणारं. मग जुनी आणि नवी अशा दोन मांडण्या वेगवेगळ्या लोकांना दाखवतात, आणि जिच्यात जास्त लोक 'हो' म्हणतात ती राहते. तुमच्या आईच्या मनाविरुद्ध गेलेले दहा रुपये या आकड्यात 'हो' म्हणूनच मोजले जातात. पुढे तक्रारी येतात, पैसे परत द्यावे लागतात, पण ते दुसऱ्या विभागाच्या तक्त्यात. मी एकदा 'हो' आणि 'नको' एकाच आकाराचे करून दिले होते. दोन आठवड्यांत आकडा उतरला आणि जुनी मांडणी परत आली. मी वाद घातला, पण माझ्याकडे दाखवायला आकडा नव्हता.

काटा माझ्या हातात आहे, हे मी नाकारत नाही. पण गल्ला दुसऱ्याचा आहे. तुमचा शब्द तोलणाऱ्या पोराला पकडतो आणि तोलायला सांगणारा सुटतो.

उत्तर (फतेगंज)
एकच शब्द हवा हा हट्ट कशाला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार सांगितले आहेत. आईच्या देणगीचा प्रकारही त्यात आहे. काहींना तर मराठीत शब्द तयारच आहेत. पुन्हापुन्हा तेच विचारून भंडावणं म्हणजे 'तगादा'. विमा नाकारताना 'मी असुरक्षितच राहीन' असं बटण दाबायला लावणं म्हणजे 'भीड घालणं'. 'दोनच खोल्या शिल्लक' ही 'खोटी घाई'. आपल्याच बडोद्यात १९३१ साली संस्थानाने राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश छापला, एकेका शब्दाचे अनेक भाषांतले पर्याय शेजारी मांडून. तसं एकेक प्रकार घेऊन बसलो तर काम पुढे जाईल.

उत्तर (दांडिया बाजार)
एकेका प्रकाराला वेगळा शब्द, मान्य. पण सगळ्यांचं मिळून एक नाव लागेलच, आणि अलकापुरीच्या ताईंचं म्हणणं डोक्यातून जात नाही. मी 'लागणे'वर अडलो आणि त्याचं जोडीचं क्रियापद विसरलो: लावणे. सापळा लावतात, गळ लावतात, तसा चकवा लावतात. लावणारा आला की 'कोणी लावला?' आणि 'कोणी लावायला लावला?' हे दोन्ही प्रश्न विचारता येतात. 'काटामारी' मी मागे घेतो. मूळचा 'चकवा'च ठेवू, फक्त क्रियापद 'लावणे'.

प्रश्नकर्ता (रावपुरा)
आईला सांगितलं, "तुला चकवा लागला नाही, लावला." तिने चष्मा घातला, बिल पुन्हा वाचलं आणि विचारलं, "मग तक्रार कुठे करायची?" राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तिला लावून दिला. आता ती बोलते आहे.