एमएस्सी फिजिक्स करून पुढे काय? जळगाव-धुळ्याच्या पोरांनी करावं की नाही

तापीकाठ:
भाचीचं बीएस्सी फिजिक्स यंदा झालं आणि घरात एकच घोशा, बीएड कर नाहीतर पुण्याला जाऊन आयटीचा कोर्स लाव. माझं मत, एमएस्सी करावी, आपल्या उमविलाच (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, जळगावला) करावी, फक्त पहिल्याच वर्षी पुढचं ठरवून करावी. आपल्याकडे फिजिक्स म्हणजे प्राध्यापकी एवढंच डोक्यात बसलंय, मेडिकल फिजिक्सबद्दल कोणी सांगतच नाही. कॅन्सरच्या दवाखान्यात रेडिओथेरपी सुरू करायची तर मेडिकल फिजिसिस्ट लागतोच, एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) नियम आहे. गाठीला किती डोस जाईल, शेजारच्या अवयवाला किती कमी लागेल, ते गणित तोच मांडतो. एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा असतो, तो रस्ता आहे.

रावेरचा:
दादा, ऐकायला गोड आहे. माझा मित्र सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी दोन्ही करेल आहे, आज सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो, तासाचे पैसे, ते पण महिनोन्महिने अडकतात, आणि सुट्टी लागली की तेही बंद. आणि इकडे रिसर्च म्हणजे काय तर थिन फिल्म (काचेवर चढवलेला अगदी पातळ थर), थिन फिल्म आणि परत थिन फिल्म. काचपट्टी बीकरमध्ये टांगा, कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर चढला की एक्सआरडी काढा (क्ष-किरणांनी थराची रचना तपासा), पेपर टाका. साक्रीच्या १२५ मेगावॅटच्या सोलर प्रकल्पाचं नाव सगळे घेतात पण भो तिथे इलेक्ट्रिकलवाले लागतात, फिजिक्सवाल्याला कोण विचारतो?

धुळ्याची लेक:
थिन फिल्मला असं हिणवू नका, मी तेच केलंय. टिन ऑक्साइडची फिल्म तापवून गॅस सोडला की रेझिस्टन्स धाडकन उतरतो, तो आकडा परत परत सारखाच यावा म्हणून रात्र रात्र लॅबमध्ये बसावं लागतं, भट्टीचं तापमान स्थिर ठेवा, व्हॅक्यूमची गळती शोधा, सर्किट स्वतः जोडा, हे हातात बसलं की सेन्सर असो का सेमीकंडक्टर, कुठेही उपयोगी पडतं. औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतंय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले, तिथे पण व्हॅक्यूम, लेझर आणि ऑप्टिक्सचीच माणसं लागणार ना. नेट-जेआरएफ (संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा) निघाली तर महिन्याला ३७ हजार फेलोशिप आहे, घरी पैसे मागायची वेळ येत नाही.

रावेरचा:
निघाली तर! न निघणारेच जास्त, त्यांचं वय निघून जातं. शेतकऱ्याच्या घरात मुलीला पाच-सात वर्षं कोण थांबू देतं? बीएड करून निदान पगार तरी सुरू होतो. आणि त्या डिप्लोमाच्या जागा किती कमी, ते पण सांगा की.

तापीकाठ:
जागा कमीच आहेत, मान्य. म्हणून तर पहिल्याच वर्षापासून न्यूक्लिअर पक्कं करायचं, पायथन प्रोग्रामिंग शिकायचं, जोडीला नेटचा अभ्यास चालू ठेवायचा. शिक्षकभरती कशी रखडते ते पण बघा ना भाऊ, बीएड झालेली किती पोरं आपल्याच तालुक्यात बसून आहेत. मी तिच्या आईशी बोलणार आहे, दोन वर्षांचा खर्च माझ्याकडे.