कुत्रं माजलंय की बुजलंय? चोक चेन, शॉक कॉलर, चिकन आणि मुसकं

रंकाळा_पहाट
आमची बिजली अडीच वर्षांची. आई कारवानी, म्हणजे आपल्याकडची सडपातळ शिकारी जात, बाप अज्ञात. घरात गरीब गाय. पण पट्टा लावून गल्लीत उतरलो आणि समोरून कुत्रं आलं, की मागच्या पायांवर उभी राहून असा कालवा करते की माडीवरची माणसं कठड्याशी येतात. मोपेड आणि पाठीवर पोतं घेतलेला माणूस, हेही तिला खपत नाहीत.

गेल्या वर्षी एक ट्रेनर लावला. त्यानं पहिल्या दिवशीच चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घातली. भुंकली की हिसका. तीन आठवड्यांत भुंकणं बंद! आम्ही पेढे वाटायचेच राहिले होते. महिन्याभरानं शेजारचा लॅब्रॅडॉर जवळून गेला, तर ना गुरगुर, ना केस उभे, हिनं थेट त्याचा कान धरला. सहा टाके पडले, त्या घराशी बोलणं बंद झालं ते वेगळंच.

आपल्याकडे बैल ‘बुजतो’ म्हणतात आणि ‘माजतो’ही म्हणतात, दोन्ही वेगळं. बिजली बुजते. ट्रेनरनं उपाय केला माजावरचा. तिला कुत्र्यांची भीती होतीच, वर कुत्रं दिसलं की गळा आवळतो हेही ती शिकली. गुरगुरलं की हिसका बसतो म्हणून गुरगुरणं तेवढं सोडून दिलं.

आता चेन माळ्यावर. गळ्यात रुंद मार्टिंगेल पट्टा, ओढला की ठरावीक इतकाच आवळतो, कारण कारवानीचं डोकं मानेच्या मानानं निमुळतं, साधा पट्टा मागं सरकून निसटतो. खिशात उकडलेलं चिकन. कुत्रं लांब दिसलं की चिकन सुरू, दिसेनासं झालं की बंद. ती घास घेते आहे तोवर अंतर बरोबर. घास नाकारला की आपण फार जवळ आलो, मागं फिरायचं. पाव्हलॉव या रशियन शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यांवरच दाखवलं तेच हे. चार महिन्यांत ऐंशी पावलांवरून तीसवर आलोय. साखळीवाल्यांनी सांगावं, माझं कुठं चुकतंय.

उचगावचा_गडी
तीस पावलं? भावा, आमची गल्लीच बारा पावलांची हाय. तिथं तुझं चिकन काय कामाचं? बैलाला येसण घालतोयच की आपण, तवा कोण रडत न्हाई. मालक कोण हाय ते जनावराला कळाय पायजे, बास.

सहावी_गल्ली
‘मालक कोण’ची सगळी गोष्ट लांडग्यांवरून आलीय. १९४७ साली शेंकेल या अभ्यासकानं कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांची भांडणं पाहून वर्चस्वाचं लिहिलं. मेक नावाच्या शास्त्रज्ञानं ती कल्पना स्वतःच्या पुस्तकातून पसरवली आणि १९९९ साली त्यानंच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे आपण तुरुंगातली मारामारी बघून संसार कसा करायचा ते ठरवत होतो.

आणि वेसणीनं बैल वळतो. बुजरा बैल बुजायचा थांबतो का?

उचगावचा_गडी
न्हाई थांबत, खरं हाय. बेंदराच्या आधी पंधरा दिस हलगी लांब वाजवायची, रोज जरा जवळ आणायची, म्होरं पेंड ठेवायची. पण बैल बुजला तर बैल पळतोय. कुत्रं बुजलं तर चावतंय. बुजलेलं असू दे न्हाईतर माजलेलं, दात त्येच!

पन्हाळा_पायथा
मी शॉक कॉलर, बटण दाबलं की विजेचा झटका देणारा पट्टा, वापरलीय आणि लपवत नाही. माझा कुत्रा शेळ्यांमागं लागायचा. दोन करडं मारली. तिसऱ्यांदा धनगरानं कुऱ्हाड दाखवली. कॉलर आधी स्वतःच्या हातावर लावून पाहिली, मुंग्या येण्याइतकी पातळी ठेवली, चार वेळा बटण दाबलं. आज तो माळावर मोकळा फिरतो. तुमच्या पद्धतीनं तो एक तर जन्मभर दोरीला राहिला असता, नाहीतर मेला असता. दयेचा मक्ता खाऊवाल्यांनी घेऊ नये.

सहावी_गल्ली
तुमचा कुत्रा शिकारीच्या नादानं पळत होता, बिजली भीतीनं भुंकते. घाबरलेल्या जनावराला नेमक्या त्याच क्षणी झटका दिला तर झटका समोरच्यामुळं बसला असंच ते धरणार. वेल्सनं या कॉलरवर २०१० सालीच बंदी घातली. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. जिथं हिसके, दटावणी जास्त, त्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं कॉर्टिसॉल जास्त वाढलेलं आढळलं.

पन्हाळा_पायथा
वाचलाय तो. कुठला कुत्रा कुठल्या शाळेत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, मालकांनी निवडलं होतं. दांडगट कुत्र्याचा मालक कडक शाळा शोधणारच. ‘ताण वाढतो’ इथवर मान्य. पण दोन मेलेल्या करडांच्या ताणाचं काय, ते त्यात नाही.

जुना_राजवाडा
ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी चित्ते पाळून काळविटाची शिकार व्हायची, तिथं कुत्र्याला चेन लावावी का यावर वाद! चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी, सावज दिसलं की टोपी काढायची. शिकार सोडवताना त्याला बडवत नसत, पळीतून रक्त किंवा मांस पुढं करत. सगळ्यात वेगवान जनावर पळीवर परत यायचं.

पन्हाळा_पायथा
त्याला आधी उपाशी ठेवत आणि झोपू देत नसत, जुन्या वर्णनांत तेही आहे. तेवढं गाळू नका.

जुना_राजवाडा
बरं, तेही खरं.

तिसरा_मजला
मी कुत्रं पाळत नाही. तरी बोलते, कारण या धाग्यात गल्लीतून नुसतं चालत जाणारं कुणीच नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये असंच एक बुजरं कुत्रं आहे. मालक सज्जन, त्यांच्याही खिशात चिकन असतं. माझी आई ७१ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. चार महिने ती जिना उतरण्याआधी कठड्यावरून वाकून बघते, कुत्रं नाही ना. एकदा वाकता वाकता तोल गेला होता. तुमचा अभ्यास चालू असताना परीक्षा तिची होते, त्याचं काय? चेन वाईट, शॉक वाईट, पटलं. मग तोंडाला मुसकं का नाही घालत? ते तरी दुखत नाही ना?

रंकाळा_पहाट
ताई, खरं सांगतो, लाजेनं. मुसकं घातलं की लोक ‘चावरं हाय वाटतं’ म्हणून बाजूला होतात. मग लक्षात आलं, बाजूला व्हावं हेच तर मला पाहिजे. तरी घातलं नाही. एकदा कापडी आणलं होतं, ती दोन मिनिटांत पंजानं ओरबाडायला लागली.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर
कापडी मुसकं दवाखान्यात इंजेक्शनपुरतं. त्यात तोंड मिटतं, धाप टाकता येत नाही, आणि कुत्र्याचं अंग मुख्यतः धापेवरच थंड होतं. एप्रिल-मे मध्ये त्यात फिरवलं तर कुत्रं हातचं जाईल. जाळीचं, टोपलीसारखं घ्या. आत तोंड उघडून धाप टाकता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, जाळीतून घास देता आला पाहिजे. कारवानीचं थोबाड लांबट, साधं माप बसत नाही. लांबी आणि घेर मोजून मागवा. आणल्याबरोबर बांधू नका. आठवडाभर आत दही चाटवा, तिनं आपणहून तोंड घातलं पाहिजे.

आता रागवण्याच्या गोष्टी. एक, बिजलीचे कान, दात, कंबर कुणी तपासलीय का? अचानक चिडकं झालेलं जनावर पुष्कळदा दुखतंय म्हणून चिडकं असतं. दोन, सडपातळ गळ्याच्या कुत्र्याला चोक चेनचा हिसका म्हणजे श्वासनलिकेशी खेळ. दहा जणांचं काही बिघडत नाही, अकरावा खोकत येतो. तीन, चिकन साध्या पाण्यात उकडा. पांढऱ्या रश्श्यातले तुकडे धुऊन देणारे महाभाग मी पाहिलेत. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, धुऊन काही होत नाही.

उचगावचा_गडी
डॉक्टर, सगळं पटतंय. पर मोकाट कुत्र्यांचं काय? ती काय तीस पावलांवर थांबत न्हाईत. चारपाच जण घेरत्यात, मग चिकन बाहेर काढलं तर सगळीच अंगावर. नुसत्या वासानं!

रंकाळा_पहाट
याचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे. रंकाळ्यावर संध्याकाळी नेणं बंद केलं. पहाटे पाचला गाडीत घालून कळंब्याच्या बाजूला नेतो, तिथं लांबवर दिसतं. गल्लीत कुत्री आली तर चिकन खिशातच, सरळ घराकडं वळायचं. ज्या दिवशी गल्लीत डॉल्बी किंवा फटाके, त्या दिवशी फिरणं रद्द, घरातच चटईत खाऊ लपवून हुंगायला देतो. सकाळची मोपेड, दुपारचे फटाके, संध्याकाळचं कुत्रं, हे तिच्यात साठत जातं आणि शेवटच्यावर निघतं.

उचगावचा_गडी
म्हंजे गाडी असलेल्याचं शास्त्र हाय हे. माझ्याकडं स्प्लेंडर हाय आणि सहाला दूध घालाय जायचं असतंय.

सहावी_गल्ली
हे मात्र खरं आहे, यावर माझ्याकडं पुस्तकातलं काही नाही. गच्चीवरून सुरुवात करता येते. खाली लांबून कुत्री जाताना दिसतात, ती वर येत नाहीत. फुकट आहे.

उचगावचा_गडी
गच्ची हाय. बघतो. मुसकंबी बघतो, आजा बैलाचं काथ्याचं विणायचा, त्याच्यात धाप टाकाय येतीय. पण चेन मी टाकून देणार न्हाई, आत्ताच सांगतो.

पन्हाळा_पायथा
मीही कॉलर टाकणार नाही. तुम्ही बिजलीला ती लावा असंही म्हणणार नाही.

रंकाळा_पहाट
जाळीचं मुसकं मागवतोय. थोबाड मोजताना तिनं टेप खाल्ली, दुसरी आणली. कान-दात-कंबरेसाठी शनिवारी दवाखाना. तिसरा मजला, तुमच्या आईंना विचारा, असं मुसकं घातलेलं कुत्रं जिन्यात दिसलं तर त्यांना बरं वाटेल का?

तिसरा_मजला
विचारलं. म्हणाली, “काळं नको म्हणावं. वरून दिसंल असं भगभगीत पिवळं आणा.” आमच्या खालच्या मालकांनाही आता तेच सांगणार आहे.